नस्ती क्रमांक व दप्तराचे वर्गीकरण (कोल्हापूर)

सरकारी कचेरीत आलेल्या कागदाला क्रमांक देणे, तो योग्य प्रकरणात बसवणे आणि प्रकरण संपल्यावर किती वर्षे जपायचे हे ठरवणे, या तिन्ही कामांची मिळून होणारी पद्धत. नस्ती, संचिका, धारिका, फाइल ही एकाच वस्तूची नावे आहेत. बोलताना सगळे ‘फाइल’ म्हणतात, लिहिताना ‘नस्ती’. ही पद्धत राज्यभर सारखीच आहे, पण कोल्हापुरात संस्थानी दप्तराचा एक जुना थर तिच्याखाली आहे.

कचेरीत खेटे घालणाऱ्याच्या हातात बहुधा आवक क्रमांक असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अर्जाच्या स्थळप्रतीवर (अर्जदाराकडे राहणाऱ्या प्रतीवर) गोल शिक्का बसतो, शिक्क्यात पेनाने आकडा पडतो. तो आकडा म्हणजे कागद पोहोचल्याची खूण. फाइलचा नंबर नव्हे. अर्ज पुढे त्या विषयाच्या संकलनाकडे (महसूल खात्यात टेबलाला संकलन म्हणतात) जातो. तिथला कारकून तो आपल्या कार्यविवरण नोंदवहीत चढवतो, तेव्हा दुसरा क्रमांक पडतो. विषयाची नस्ती आधीपासून असेल तर अर्ज तिच्यात जातो, नसेल तर नवी उघडते. तिचा क्रमांक तिसरा. उत्तर निघाले की जावक क्रमांक, म्हणजे चौथा. दोन महिन्यांनी माणूस पहिला आकडा घेऊन येतो आणि टेबलावरचा माणूस दुसरा शोधत बसतो.

क्रमांक वाचता आला तर बराच वेळ वाचतो. नमुन्यादाखल ‘जा.क्र. कोजिप/साप्रवि/आस्था-३/४१२/२०२३’ घ्या. कोजिप म्हणजे कोल्हापूर जिल्हा परिषद, साप्रवि म्हणजे सामान्य प्रशासन विभाग, आस्था-३ म्हणजे आस्थापनेचे तिसरे टेबल, मग त्या सालातला जावकेचा अनुक्रम आणि साल. आत काय लिहिले आहे हे क्रमांक सांगत नाही, कागद कुठल्या टेबलावरून उठला ते सांगतो. मंत्रालयातल्या शासन निर्णयाची घडण थोडी वेगळी: ‘संकीर्ण-२०१८/प्र.क्र.४५/कार्या-५’ अशा धर्तीवर आधी विषयशीर्ष व साल, मग प्रकरण क्रमांक, शेवटी कार्यासन (मंत्रालयातले टेबल). ‘संकीर्ण’ हे शीर्ष कुठेच न बसणाऱ्या विषयांसाठी आहे, पण त्याखाली इतके काही जमते की नुसत्या शीर्षावरून काही शोधणे व्यर्थ. संकेतस्थळावर चढलेल्या शासन निर्णयाला याशिवाय अठरा अंकी संकेतांक मिळतो. त्याचे पहिले आठ अंक साल, महिना आणि दिवस असतात. शोधायला हाच सर्वांत भरवशाचा.

महसूल खात्यात आणखी एक खाचखळगा आहे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते, त्यामुळे मार्चमधला कागद कुठल्या वर्षाच्या नोंदवहीत असेल, हे आधी विचारावे लागते. प्रकरणांची आद्याक्षरे इंग्रजीतून आली ती तशीच राहिली: हक्कनोंदीच्या वादाला आरटीएस, कुळकायद्याच्या प्रकरणाला टीएनसी. गावपातळीवर तर नमुन्याचा क्रमांक हेच कागदाचे नाव झाले. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा, नमुना आठ-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनीची नोंद, नमुना सहा म्हणजे फेरफार. कोल्हापूरकडच्या जमिनीच्या कागदांवर ‘रि.स.नं.’ हमखास दिसतो, तो रिव्हिजन सर्व्हे नंबर, म्हणजे फेरमोजणीतला भूमापन क्रमांक. इतर जिल्ह्यांतून आलेला माणूस तिथे गट नंबर शोधत राहतो.

नस्तीच्या आत दोन भाग असतात: टिपणी विभाग, म्हणजे कचेरीचे आपापसातले बोलणे, आणि पत्रव्यवहार विभाग, म्हणजे बाहेरून आलेले व बाहेर गेलेले कागद. दोन्हींची पाने स्वतंत्र क्रमाने मोजतात. टिपणीत ‘पृ. २३/प.वि. कृपया पाहावे’ असे लिहिले, की साहेब नेमके तेच पान उलटतात. पाने मोजलेली नसली तर कागद निघाल्याचे कुणालाच कळत नाही, म्हणून पृष्ठांकन ही किरकोळ बाब समजू नये.

चालू कामाचे कागद टेबलाशेजारी सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायचे आणि नष्ट करायचे. ही शिस्त जुनीच. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी बदलून तिला पुन्हा धार लावली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव अजून टिकून आहे. पुढे चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना विभागात झिरो पेंडन्सीची (एकही काम तुंबू न देण्याची) मोहीम झाली. कोल्हापूर त्याच विभागात असल्याने इथल्या कपाटांवरचे गठ्ठेही तेव्हा खाली उतरले.

प्रकरण निकाली निघाले की खरा प्रश्न येतो तो वर्गाचा. ‘अ’ कायम जपायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. हे अक्षर लिहायला क्षणभर पुरतो, पण कागदाचे आयुष्य त्यावर ठरते. नियमाने प्रत्येक विषयाचा वर्ग आधीच ठरलेला असतो. प्रत्यक्षात, उद्या कुणी मागितला तर काय, या धास्तीने ‘क’मधला कागदही ‘ब’मध्ये ढकलला जातो आणि अभिलेख कक्ष तुंबतो. उलटी चूक अधिक महाग: जो कागद ‘अ’त हवा तो ‘क’त पडला, तर पाच वर्षांनी तो नियमानेच नष्ट होतो आणि दोष कुणाचाच राहत नाही. माहितीचा अधिकार आल्यावर (२००५) ‘नस्ती गहाळ’ हे उत्तर पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. त्या कायद्याचे कलम ४ अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवायला सांगते, आणि राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदाही त्याच सालचा आहे.

वर्ग ठरलेले कागद कापडात बांधतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, त्यातल्या कागदांच्या यादीला फेरिस्त. वर्ग लांबूनच ओळखू यावा म्हणून कापडाचा रंग वेगळा ठेवतात. ‘अ’ला सहसा लाल.

करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीचे संस्थानी दप्तर आज कोल्हापूरच्या पुरालेखागारात पाहायला मिळते. जुन्या कागदांवर मोडी लिपी भेटते आणि फसली साल (महसुलाची जुनी कालगणना) भेटते. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ येता येते. शाहू महाराजांचा मागासलेल्या जातींना निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम आजही २६ जुलै १९०२ या तारखेनेच ओळखला जातो. जावक क्रमांकाने त्याची आठवण कुणी काढत नाही. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तेव्हा तिथल्या जुन्या प्रकरणाचा माग काढताना तालुक्याआधी जिल्हा विचारावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा वर्षानुवर्षे न सुटलेले रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

नकलेसाठी अर्ज करताना गाव, साल, प्रकरणाचा प्रकार आणि पक्षकाराचे नाव एवढे दिले तरी बहुधा भागते. अभिलेखपाल फेरिस्त उघडतो, रुमाल काढतो, गाठ सोडतो आणि बाहेर काढलेल्या नस्तीच्या जागी एक चिठ्ठी ठेवतो: कुठली नस्ती, कुणी नेली, कधी. ती चिठ्ठी ठेवायची राहिली, की पुढच्या माणसाला ‘सापडत नाही, आठवड्याने या’ असे ऐकावे लागते.