वाहन लूप (रस्त्यात पुरलेला सेन्सर)

रस्त्याच्या डांबरात किंवा काँक्रीटमध्ये कटरने खाच पाडून त्यात तारेची तीन-चार वेटोळी बसवतात आणि वरून सीलंटने बुजवतात, त्याला वाहन लूप किंवा इंडक्टिव्ह लूप म्हणतात. चौकातला सिग्नल, टोलनाक्याचा बूम, हायवेवरची वाहनमोजणी, सगळीकडे हा चालतो.

गाडी ओळखणारा पहिला सेन्सर कुणाचा यावर दोन मतं दिसतात. अमेरिकेत बाल्टिमोरला 1928 मध्ये चार्ल्स अ‍ॅडलर या रेल्वे सिग्नल इंजिनियरने खांबावर मायक्रोफोनची पेटी लावली, हॉर्न वाजवला की सिग्नल बदलायचा, म्हणून बरेच जण पहिला मान त्यालाच देतात. पण जवळपास त्याच सुमारास हेन्री हॉग यांनी रस्त्यात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या, चाकाच्या वजनाने त्या एकमेकींना टेकायच्या आणि सर्किट पूर्ण व्हायचं. हॉर्न ड्रायव्हरच्या मनावर अवलंबून होता, पट्टीवरून मात्र गाडी गेली की नोंद आपोआप व्हायची, त्यामुळे वाहनमोजणीचा धागा हॉग यांच्यापासून धरणं जास्त बरोबर वाटतं. ही पट्टी पुढे तीसेक वर्षं टिकली, लूप आला तो 1960च्या दशकाच्या सुरुवातीला.

बऱ्याच जणांना वाटतं की लूपला वजन कळतं, तसं नाही. तारेतून साधारण 10 ते 200 किलोहर्ट्झचा प्रवाह फिरत असतो, वर गाडी आली की तिच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह (एडी करंट) तयार होतात, ते लूपच्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात, इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा वेटोळ्याचा गुण) घटतो, फ्रिक्वेन्सी वाढते आणि कडेच्या पेटीतला डिटेक्टर तेवढा फरक पकडतो. लोखंडामुळे इंडक्टन्स थोडा वाढायलाही हवा, पण या फ्रिक्वेन्सीला एडी करंटच भारी पडतात. म्हणूनच उंच चासीचा भरलेला ट्रक, त्याचा धातू लूपपासून लांब राहिल्याने, कधीकधी छोट्या कारपेक्षा कमी सिग्नल देतो.

वेग लूप थेट मोजत नाही, तो फक्त वेळ मोजतो. दोन लूप 4 मीटर अंतरावर असतील आणि गाडीने 0.2 सेकंद घेतला तर वेग ताशी 72 किमी. लूप एकच असेल तर गाडीची लांबी गृहीत धरावी लागते आणि इथेच घोळ होतो, 2 मीटरच्या लूपवर 4 मीटरची कार याच वेगात 0.3 सेकंद राहते (लूप आणि गाडी मिळून 6 मीटर), 10 मीटरची बस 0.6 सेकंद, म्हणजे बसला कार समजलं तर वेग थेट अर्धा, 36 दिसतो.

सरासरी काढतानाही जपावं लागतं. एक गाडी 40 ने आणि एक 60 ने गेली तर साधी सरासरी 50, पण त्याच अंतराला लागलेला वेळ धरला तर 48. हा फरक 1952 मध्ये ब्रिटनचे वाहतूक अभ्यासक वॉर्ड्रॉप यांनी नीट मांडला, आणि रस्त्यावरची गर्दी काढायला यातला दुसरा, म्हणजे 48चा आकडा लागतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरची सरासरी वेगाची पद्धत दोन लूपच्याच हिशोबाची, फक्त मधलं अंतर लांब आणि गाडी ओळखायला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो.

रडार परावर्तित लहरींच्या फ्रिक्वेन्सीतल्या बदलावरून (डॉप्लर) वेग काढतं, रस्ता फोडावा लागत नाही. तात्पुरत्या मोजणीला रस्त्यावर आडव्या टाकलेल्या हवेच्या रबरी नळ्याही वापरतात.

भारतात खरी अडचण लेनची आहे, एका लेनच्या लूपवरून दोन मोटरसायकली शेजारीशेजारी गेल्या की एकच नोंद होऊ शकते. शिवाय नुसत्या संख्येने भागत नाही, सगळी वाहनं 'कारएवढ्या' एककात (पीसीयू) बदलावी लागतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 1990च्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात मोटरसायकल 0.5, ट्रक 3 आणि बैलगाडी 8 धरली आहे, लहान असेल तर 6. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग ज्याने बघितली असेल त्याला हा 8 लगेच पटेल, पण लाकडी गाडीत धातू जेमतेम चाकाच्या धावेपुरता, त्यामुळे रस्ता सगळ्यात जास्त अडवणारं वाहनच लूपवर सगळ्यात कमी उमटतं आणि अशा ठिकाणी माणूस बसवून हाताने केलेली मोजणीच भरवशाची.