अर्ध्या तासाचा नियम कुठून आला : विद्यापीठ ग्रंथालयांतील सामायिक संगणकांची पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांशेजारी सूचनांचा एक कागद हमखास चिकटवलेला असतो. नोंदवहीत नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि वेळ लिहावी, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बसू नये, पेनड्राइव्ह तपासून घेतल्याशिवाय लावू नये, चॅटिंग आणि खेळ यांसाठी संगणक वापरू नये, उठताना लॉग-आउट करावे, असा साधारण मजकूर त्यावर असतो. हे सगळे नियम कुणा एका ग्रंथपालाने एका बैठकीत लिहिले असावेत असे वाचणाऱ्याला वाटते. वास्तविक त्यांतला प्रत्येक नियम वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या टंचाईतून आलेला आहे. कधी यंत्राचा वेळ अपुरा होता, कधी टेलिफोनची लाइन, तर कधी नियतकालिकांचा परवाना. त्यांपैकी काही नियमांचे कारण आता उरलेले नाही आणि काहींचे उलट वाढले आहे, त्यामुळे कोणता नियम काटेकोरपणे पाळायचा आणि कोणता समजुतीने सैल करायचा हे ठरवताना त्यांचा उगम ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

सुरुवातीला संगणकासमोर बसण्याचा प्रश्नच नव्हता. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे त्या वेळच्या मानाने प्रचंड यंत्र बसले. अशा यंत्रांवर काम करून घेणारा संशोधक आपला प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपात खिडकीवर देत असे, तो गठ्ठा रांगेत लागत असे आणि छापील उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हाती पडत असे. एखादा स्वल्पविराम चुकला, तरी ती पाळी फुकट जाऊन गठ्ठा पुन्हा रांगेच्या शेवटी जायचा. म्हणून काम घरी नीट तपासून आणावे, यंत्राच्या वेळात विचार करत बसू नये, ही शिस्त त्या पिढीच्या अंगवळणी पडली. ग्रंथालयाच्या संगणकावर बसण्याआधी काय शोधायचे ते कागदावर लिहून आणावे, ही अपेक्षा याच शिस्तीशी नाते सांगते.

एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही वेळवाटपाची प्रणाली दाखवली. यंत्र प्रत्येक वापरकर्त्याला सेकंदाचा लहानसा अंश आळीपाळीने देई आणि प्रत्येकाला यंत्र आपल्याच सेवेत आहे असे वाटे. यंत्र सामाईक झाले तसे दोन नवे प्रश्न उभे राहिले. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती लागू नये यासाठी प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला, आणि संगणकावर पासवर्ड वापरला जाण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक मानले जाते. कुणी यंत्र अडवून बसू नये म्हणून प्रत्येकाला वेळेचा कोटाही ठरवून दिला गेला. या दोन्ही व्यवस्थांना पहिला धक्का एकाच माणसाकडून बसला. अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि त्याचे काम तेवढ्यात भागत नव्हते. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची फाइल छापून देण्याची विनंती कार्डावर लिहून यंत्राला दिली, यंत्राने ती छापून दिली आणि तो इतरांच्या नावाने काम करू लागला. ही हकीकत त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितली. दुसऱ्याच्या खात्यातून काम करण्यामागे तेव्हा द्वेष नव्हता, वेळेची निकड होती, आणि ग्रंथालयांत आजही जे गैरवापर घडतात त्यांतल्या पुष्कळांमागे हेच कारण असते. मित्राच्या ओळखपत्रावर दुसरी पाळी घेणारा विद्यार्थी चुकीचेच वागतो, परंतु त्याच्यावर नुसते रागावून ग्रंथालयाचे काम संपत नाही, कारण तो अर्धा तास त्याला का पुरला नाही हा प्रश्न शिल्लकच राहतो.

संगणकाचे आणि ग्रंथालयाचे नाते मात्र एमआयटीने नव्हे, तर अमेरिकेतल्याच डार्टमथ महाविद्यालयाने जोडले. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १ मे १९६४ च्या पहाटे तिथली वेळवाटप प्रणाली आणि बेसिक ही सोपी संगणकभाषा सुरू केली. संगणक हा मुक्तद्वार ग्रंथालयासारखा असावा, अशी त्यांची भूमिका होती. विद्यार्थी कपाटापर्यंत जाऊन हवे ते पुस्तक काढतो आणि ते कशासाठी हवे असे त्याला कुणी विचारत नाही, तसाच संगणकही कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला परवानगीवाचून आणि शुल्कावाचून मिळावा, असे ते मांडत. पुस्तकांच्या बाबतीत हा विचार आपल्याकडे आधीच रुजू लागला होता. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांत पहिला सिद्धांत ग्रंथ उपयोगासाठी आहेत हा आहे आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवा हा आहे. रांगेत सात जण उभे असताना या दोहोंची ओढाताण होते, कारण बसलेल्या वाचकाला पुरता उपयोग करू द्यावा तर उभ्या वाचकाचा वेळ जातो. सामायिक संगणकाच्या शिष्टाचाराची सगळी चर्चा शेवटी या ओढाताणीपाशीच येते.

आपल्या विद्यापीठ ग्रंथालयांत संगणक आला तो आधी ग्रंथालयाच्या स्वतःच्या कामासाठी. १९८८ मध्ये दिल्लीतील ग्रंथालयांचे डेलनेट हे जाळे उभे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये विद्यापीठांची ग्रंथालये जोडणारा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या छत्राखाली होता, आणि १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. तालिकापत्रांचे लाकडी खण हळूहळू मागे पडले आणि त्यांची जागा ओपॅकने, म्हणजे संगणकीय तालिकेने घेतली. काही ग्रंथालयांनी ओपॅकचा संगणक मुद्दाम उंच मेजावर, खुर्चीविना ठेवला, आणि ती फार विचारपूर्वक केलेली गोष्ट होती, कारण उभा माणूस पुस्तकाचा क्रमांक टिपून घेतो आणि बाजूला होतो. त्यासाठी वेळेचा नियम लिहावा लागला नाही. त्याच सुमारास सीडीवरचे संदर्भसंच आले. ते एखाद्याच संगणकावर चालत, त्यामुळे संशोधकाला आधी वेळ ठरवून यावे लागे. नोंदवहीत वेळ लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी तेव्हापासून पडली.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत ग्रंथालयातल्या संगणकाचे स्वरूपच पालटले. विद्यार्थी आता ईमेल पाहायला, निकाल पाहायला, नोकरीचे अर्ज भरायला येऊ लागला. लाइन एक आणि तिच्यावर दहा संगणक अशी स्थिती असल्याने एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की बाकीच्यांची पाने उघडत नसत. चॅटिंग, गाणी आणि खेळ यांवरची बंदी या काळातली आहे. तिला नैतिक शिस्तीचा रंग पुढे चढला, पण मुळात ती लाइन वाचवण्याची तजवीज होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय याच काळात संगणककक्षातही शिरली. कीबोर्डवर वही ठेवून चहाला गेलेला वाचक आणि त्या वहीकडे पाहत उभा असलेला दुसरा वाचक यांच्यातला वाद मिटवणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे रोजचे काम होऊन बसले. दहा मिनिटे जागा रिकामी राहिली तर पाळी संपली असे समजावे, हा नियम अशा वादांतून आला आणि माझ्या मते त्यात तडजोड करण्याचे कारण नाही.

कायदाही याच सुमारास आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चा, त्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ६६-क (इंग्रजीत 66C) समाविष्ट झाले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तत्सम ओळख लबाडीने वापरणे हा त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा ठरला. सायबर कॅफेंसाठी एप्रिल २०११ मध्ये स्वतंत्र नियम लागू झाले. त्यांनुसार वापरणाऱ्याची ओळख पटवणे आणि वापराची नोंद किमान एक वर्ष जपून ठेवणे बंधनकारक झाले. हे नियम व्यवसाय करणाऱ्या कॅफेंना समोर ठेवून केलेले होते, तरी ग्रंथालयांतल्या नोंदवह्यांनाही तेच वळण लागले. पाळी लावण्यासाठी सुरू झालेली वही आता पुरावा म्हणूनही ठेवली जाऊ लागली. वाचक काय वाचतो हे इतरांना कळू नये, हे ग्रंथपालाच्या व्यवसायाचे जुने मूल्य आहे, आणि टेबलावर उघडी पडलेली वही त्याला बाधा आणते. नाव, वेळ आणि संगणकाचा क्रमांक यांपलीकडे वहीत काही लिहून घेऊ नये आणि मागची पाने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडू देऊ नयेत, एवढी काळजी प्रत्येक ग्रंथालयाला घेता येते.

मराठी वाचकाच्या वाट्याला याशिवाय एक खास अडचण आली. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान व्यवस्था रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फॉन्ट वापरले जात आणि प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी असे. श्रीलिपीत टंकलेला प्रबंध तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. मराठी विभागातले संशोधक मग फॉन्ट सोबत घेऊन येत आणि ग्रंथालयाच्या संगणकावर चढवत, त्या फ्लॉपी आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस येत, आणि त्यातून परवानगीवाचून काहीही न चढवण्याचा नियम आला. तो अमलात आणण्यासाठी बऱ्याच ठिकाणी डीप फ्रीझसारखी प्रणाली बसवली गेली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो मूळ स्थितीत येतो आणि डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे पुसले जाते. वीज गेल्यामुळे अख्खे प्रकरण गमावलेल्या विद्यार्थ्याला हे कारण समजावून सांगणे कठीण असते. ही सूचना संगणकाच्या पडद्यावरच मोठ्या अक्षरांत आणि मराठीत असायला हवी.

युनिकोड आल्यावर फॉन्टचा घोळ बराचसा मिटला, पण त्याबरोबर एक नवी गोष्ट पाळावी लागू लागली. मराठीत टंकून झाल्यावर कीबोर्ड तसाच देवनागरीवर सोडून कुणी उठले, तर पुढचा वाचक बसतो, आपला पासवर्ड टाकतो, पडद्यावर फक्त ठिपके उमटतात आणि पासवर्ड चुकला असे उत्तर येते. तो पुन्हा टाकतो, पुन्हा चुकतो. अशा चार-पाच प्रयत्नांनंतर खाते काही काळ बंद होते आणि त्याचा अर्धा तास तिथेच संपतो. उठण्यापूर्वी कीबोर्डची भाषा पूर्ववत करावी, ही सूचना छापील नियमांत क्वचितच असते. मला ती लॉग-आउटइतकीच महत्त्वाची वाटते.

नियतकालिकांच्या बाबतीत शिस्तीचा अर्थ आणखी व्यापक झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यूजीसी-इन्फोनेट या योजनेतून २००४ पासून विद्यापीठांना हजारो ई-नियतकालिके मिळू लागली, २०१५ मध्ये तिच्यासह अशा तीन मोठ्या योजना ई-शोधसिंधूत एकत्र आल्या आणि जानेवारी २०२५ पासून एक राष्ट्र एक सदस्यता योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांना खुली झाली. या सेवेत प्रकाशक विद्यापीठाला मुख्यतः त्याच्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून, ओळखतो. त्यामुळे एका संगणकावरून कुणी अंकामागून अंक यंत्रवत उतरवू लागला, तर प्रकाशक साऱ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवू शकतो. ऑक्टोबर २०१० मध्ये खुद्द एमआयटीत हे घडले. तिथल्या जाळ्यातून प्रचंड प्रमाणात लेख उतरवले जात असल्याचे दिसल्यावर जेस्टॉर या ई-नियतकालिकांच्या संग्रहाने काही दिवस संपूर्ण संस्थेचा प्रवेश बंद केला. एकाच्या वागण्याची झळ शेजारच्या खुर्चीपुरती न राहता न पाहिलेल्या हजारो वाचकांपर्यंत पोचते, ही गोष्ट पुस्तकांच्या काळात नव्हती.

आता बहुतेकांकडे स्मार्टफोन आहे आणि अनेकांकडे लॅपटॉपही. त्यामुळे सार्वजनिक संगणकांची गरज संपली असे काही विद्यापीठांत म्हटले जाते आणि त्यांच्या जागी चार्जिंगची मेजे मांडली जातात. हे मत मला घाईचे वाटते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रंथालयाच्या संगणकावर आज बसणारा विद्यार्थी बहुधा असा असतो, की ज्याला दुसरा संगणक नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, बसवलेला संगणक तर अनेक ठिकाणी एखादाच असतो, आणि तो रिकामा दिसला तरी इतरांनी त्यावर बसू नये, ही गोष्ट सांगावी लागू नये.

अशा विद्यार्थ्याची खरी कसोटी शेवटच्या तारखेला लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, त्या दिवशी सर्व्हर मंद असतो, उत्पन्नाच्या दाखल्याची फाइल मर्यादेपेक्षा मोठी निघते म्हणून ती लहान करून पुन्हा चढवावी लागते आणि मोबाइलवर ओटीपी यायला वेळ लागतो. परीक्षेच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्जात शुल्क भरण्याचीही पायरी असते. नेमके पैसे खात्यातून वळते होत असताना अर्ध्या तासाची मुदत संपते आणि वेळ मोजणारी प्रणाली पडदा बंद करते. पैसे गेलेले असतात, अर्ज मात्र अपूर्ण राहतो. हा अर्धा तास ज्या काळात ठरला त्या काळात संगणकावर बसणारा बहुधा वाचायला किंवा पत्र पाठवायला बसत असे, आणि ते काम मध्येच थांबवले तरी नुकसान होत नसे. आता तो जे करतो ते मध्ये तोडता येत नाही. म्हणून मुदत संपण्याच्या पाच मिनिटे आधी पडद्यावर सूचना यावी, अर्जाच्या मधोमध असलेल्याला वेळ वाढवून देण्याचा अधिकार तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला असावा, आणि अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन संगणक फक्त त्या कामासाठी राखून ठेवावेत. रांगेत उभ्या असलेल्याला हे कारण आधीच माहीत असेल, तर तो सहसा हरकत घेत नाही, कारण त्यालाही बहुतेक तोच अर्ज भरायचा असतो.