सर्फबोर्डची लांबी, लिटर आणि चोर्ला घाट : एक पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तरुण मंडळी शनिवार-रविवारी चोर्ला घाट उतरून गोव्यात मोरजी, आश्वे, हरमलला किंवा आंबोलीमार्गे शिरोड्याला सर्फिंग शिकायला जाऊ लागली आहेत. दोन-चार वेळा शिकवणी झाली, फेसाच्या लाटेवर उभं राहता आलं, की स्वतःच्या बोर्डाचा विषय निघतो. मग पहिला प्रश्न ठरलेलाच असतो : किती लिटरचा, म्हणजे किती घनफळाचा घेऊ? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. बोर्ड फुटांत मागायचे आणि फुटांतच विकायचे. लिटर कुठून आले, कशासाठी आले आणि आपल्या किनाऱ्यावर त्यांचा किती उपयोग, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात जुन्या हवाईपासून करू. तिथे बोर्ड कुणाला कोणता हे मान-मरातबावरही ठरायचं. विलिविलीच्या हलक्या लाकडाचा लांबलचक ओलो सरदारघराण्यांचा, तर कोआ किंवा फणसाच्या जातीच्या लाकडाचा पातळ, आखूड अलाया सर्वांचा. पण लाटेचा विचार तेव्हाही होता. सावकाश फुगत येणाऱ्या लाटेला ओलो आणि उभी होऊन फुटणाऱ्या लाटेला अलाया. १७७९ मध्ये केआलाकेकुआच्या खाडीत युरोपी खलाशांनी हे पाहून लिहून ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे बोर्ड म्हणजे रेडवूडच्या भरीव फळ्या. वजन चाळीस किलोंच्या आसपास आणि खाली फिन, म्हणजे बोर्डाला सरळ ठेवणारं पातं, नाही. १९३५ मध्ये एका मोडक्या मोटारबोटीची पट्टी काढून बोर्डाखाली बसवली गेली आणि फिन आला. १९३७ मध्ये होनोलुलूतल्या काही पोरांना उभ्या लाटेवर बोर्डाची शेपटी घसरते याचा कंटाळा आला. त्यांनी कुऱ्हाड घेऊन शेपटी दोन्ही बाजूंनी तासून निमुळती केली. समोरच्या लाटेसाठी मुद्दाम बोर्ड बदलल्याचं हे लख्ख उदाहरण, आणि आजही उभ्या लाटेचे बोर्ड मागे निमुळतेच असतात.

महायुद्धानंतर बाल्सा लाकूड, फायबरग्लास आणि रेझिन आले. १९५८ च्या सुमारास पॉलियुरेथेन फोम आला आणि बोर्ड हलके व स्वस्त झाले. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियात नऊ-साडेनऊ फुटी बोर्ड हाच सर्वसाधारण बोर्ड होता. बाप, मुलगी, नवशिका, विजेता सगळे त्याच मापाच्या आसपास. १९६६ ची सॅन दिएगोची जागतिक स्पर्धा जिंकली गेली तो बोर्डही ९ फूट ४ इंचांचा होता. पुढच्या तीन-चार वर्षांत मात्र बोर्ड सात फुटांखाली आले. ही कापाकापी ऑस्ट्रेलियात सुरू झाली की हवाईत, यावर अजून वाद घालतात. मला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आखूड बोर्डाने लाटेच्या भिंतीवर वर-खाली वळणं घेता येऊ लागली, हे खरंच. पण दुकानांतून लांब बोर्ड उतरले तेव्हा नवशिक्याचं हक्काचं साधनही त्यांच्याबरोबर गेलं. निष्णात माणसाला जे हवं होतं तेच सगळ्यांच्या माथी आलं. या खेळात बोर्डनिवडीचा सल्ला गोंधळलेला आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

१९८१ मध्ये तीन सारख्या मापाच्या फिनचा बोर्ड मोठ्या स्पर्धा जिंकू लागला आणि ती रचना पक्की झाली. नव्वदच्या दशकात विजेते अठरा-साडेअठरा इंच रुंद, सव्वादोन इंचांच्या आतबाहेर जाड आणि जास्त बाक दिलेले, म्हणजे नाक-शेपटी वर वळवलेले, बोर्ड वापरू लागले. सामान्य माणसानेही तेच घेतले आणि लाट गाठायला पाण्यात हात मारमारून दमला. त्याच काळात लांब बोर्ड पुन्हा दिसू लागले ही जमेची बाजू. मऊ आवरणाचे बोर्ड सत्तरच्या दशकापासून होते, पण अमेरिकेतल्या घाऊक दुकानात आठ फुटी मऊ बोर्ड शंभर डॉलरला मिळू लागला तो २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात. गोव्यात आपल्याला पहिल्या दिवशी हातात देतात तो बोर्ड त्याच घराण्यातला.

आता लिटर. ५ डिसेंबर २००५ रोजी कॅलिफोर्नियातला एक कारखाना अचानक बंद पडला. फोमचा जो कच्चा ठोकळा तासून बोर्ड करतात, त्या ठोकळ्यांचा अमेरिकेतला बहुतांश पुरवठा त्या एका ठिकाणाहून होत होता. एका सोमवारी सकाळी बोर्ड घडवणाऱ्यांकडे मालच उरला नाही. मग पर्याय शोधले गेले. थर्माकोलच्या कुळातला ईपीएस फोम आणि त्यावर इपॉक्सी रेझिन, आशियातल्या कारखान्यांतून येणारे तयार बोर्ड, आणि संगणकावर आकार काढून सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर, कापलेले ठोकळे. यातली एकही गोष्ट त्या दिवशी जन्मली नाही, पण त्या सोमवारनंतर सगळ्यांचा वेग वाढला.

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यांत सीएनसीवर काम केलेल्याला पुढचं वेगळं सांगायला नको. आकाराचं मॉडेल तयार झालं की घनफळ आपोआप मिळतं, त्यासाठी वेगळं गणित करावं लागत नाही. हाताने घडवणारा माणूस बोर्डाच्या खालच्या बाजूला, मधल्या लाकडी पट्टीपाशी पेन्सिलने तीन आकडे लिहायचा : लांबी, रुंदी, जाडी. आता चौथा आकडा फुकटात मिळू लागला आणि तोही छापला जाऊ लागला. २००५ नंतरच्या दशकात तो इतका रुळला की आधीचे तीन आकडे मागे पडले.

त्या आकड्याचा मूळ उपयोग मर्यादित आणि चांगला होता. ज्याच्याकडे २८ लिटरचा आखूड बोर्ड आहे आणि ज्याला त्याच पठडीतला थोडा वेगळा बोर्ड हवा आहे, त्याला दोन्हींची तुलना करता येते. पुढे वजनाशी गुणाकार करायची कोष्टकं निघाली. अव्वल स्पर्धकाला किलोतल्या वजनाच्या एकतृतीयांशाहून थोडे जास्त लिटर, बेताची सवय असलेल्याला अर्ध्याच्या आसपास, नवशिक्याला वजनाइतके किंवा जास्त. लिटरच्या बाजूने बोलणारे म्हणतात की या कोष्टकांमुळे माणसं निदान हौसेपोटी फार लहान बोर्ड घेणं थांबली. हे मला मान्य आहे. सत्तर किलोच्या माणसाने पंचवीस लिटरचा बोर्ड उचलण्यापासून कोष्टक त्याला वाचवतं.

पण घनफळ सांगतं ते तरंगण्याबद्दल. बोर्ड पाण्यात किती वजन पेलेल, एवढंच. ते घनफळ लांबी, रुंदी, जाडीत कसं पसरलं आहे हे त्यात येत नाही. दोन बोर्ड घ्या. एक ६ फूट ४ इंच लांब, पावणेबावीस इंच रुंद, तीन इंच जाड. दुसरा ७ फूट ४ इंच लांब, एकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. दोन्हींचं घनफळ पंचेचाळीस लिटरच्या आसपास भरतं. कोष्टकाच्या लेखी दोन्ही सारखे. पाण्यात मात्र लांब बोर्ड पोटावर झोपून हात मारताना सरळ राहतो आणि त्याच मेहनतीत जास्त वेगाने जातो. आखूड बोर्ड लाकडी ओंडक्यासारखा वर तरंगतो, पण नाक डावी-उजवीकडे डोलतं आणि वेग मिळत नाही. एकदा लाट पकडून बोर्ड पाण्यावरून घसरू लागला की त्याला उचलून धरतो तो वेग आणि तळाचं क्षेत्रफळ. तिथे जाडीतले लिटर फारसे कामाला येत नाहीत.

लाट पकडणं म्हणजे काय तेही पाहू. एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटते आणि तिथे तिचा वेग सेकंदाला साडेतीन-चार मीटर असतो. हात मारणारा माणूस सेकंदाला दीड-दोन मीटरच जातो. उरलेला फरक लाटेचा उतार भरून काढतो. उतार मंद असेल तर आपला स्वतःचा वेग जास्त लागतो, म्हणजे लांब आणि कमी बाकाचा बोर्ड. उतार उभा असेल तर आखूड बोर्डही सुटतो, पण त्याला बाक लागतो, नाहीतर नाक पाण्यात घुसतं. फार मोठ्या लाटेला पुन्हा लांब बोर्ड लागतो, कारण ती लाटच भराभर येते. म्हणजे लाटेचा स्वभाव आधी, आपली तयारी त्याच्या जोडीला आणि लिटर त्यानंतर.

आपल्या किनाऱ्याचा स्वभाव कसा आहे? भारतात या खेळाला संघटित रूप आलं ते आपल्याच कर्नाटकात. २००४ मध्ये मंगळूरजवळ मुल्कीला एका आश्रमात क्लब सुरू झाला, २०११ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली, २०१६ मध्ये मंगळूरजवळच्याच ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीची मोठी स्पर्धा झाली. सुरुवातीला बोर्ड मिळायचे ते बरेचसे परदेशी पाहुण्यांनी मागे ठेवलेले. त्यांच्या देशातल्या लाटांसाठी, त्यांच्या सवयीसाठी घेतलेले. सुरुवातीच्या पोरांना निवड करायला वावच नव्हता. स्पर्धांमुळे पुढे आखूड बोर्डाचं महत्त्व वाढलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ आला तोही आखूड बोर्डाच्याच रूपात. बातम्यांत दिसतो तो बोर्ड तोच, आणि शिकणाऱ्याच्या मनात बसतो तोही तोच.

गोवा आणि सिंधुदुर्गाच्या वाळूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे लाटा बहुतेक गुडघ्यापासून कमरेपर्यंत. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून येतात. एप्रिल-मेमध्ये दूर दक्षिणेच्या महासागरातल्या लांब लाटा पोचतात तेव्हा जरा जोर असतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो तोवर पाणी गुळगुळीत असतं. दुपारी खारे वारे सुटले की सगळं कुस्करतं. पावसाळ्यात लाटा मोठ्या, पण वाऱ्याने विस्कटलेल्या आणि ओढ जीवघेणी. तेव्हा लाल बावटा लागलेला असतो आणि तो पाळायचा. कारवारची खाडी बेटांच्या आणि डोंगरांच्या आडोशाला असल्याने तिथे जोर आणखी कमी. हल्याळ-जोयड्याकडची मंडळी जवळ म्हणून कारवार गाठतात, पण सर्फिंगसाठी त्यांना खाली गोकर्णाकडेच जावं लागतं. या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. हंगामातली आपली लाट मंद उताराची आहे. इथे शिकणाऱ्याला आठ-नऊ फुटी मऊ बोर्ड, आणि न फुटलेली हिरवी लाट स्वतः पकडून तिरकं जाता येऊ लागलं की साडेसात-आठ फुटांचा मध्यम बोर्ड. त्याहून आखूड बोर्डावर महिन्यातून एक-दोनदा येणाऱ्या माणसाने हात घालावा असं मला वाटत नाही, त्याचे लिटर कितीही असोत.

तरीही आपल्याकडे आखूड, जाड बोर्डांची विचारपूस जास्त होते, आणि त्याचं कारण समुद्रात नाही, घाटात आहे. बेळगाव ते आश्वे साधारण सव्वाशे किलोमीटर. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, म्हापसा. नऊ फुटी बोर्ड लहान गाडीच्या टपावर बांधला की पुढे-मागे बाहेर येतो, घाटाच्या वळणांवर पट्टे सैल होतात आणि दर तासाला थांबून आवळावे लागतात. बसमध्ये तो घेत नाहीत. सहा-साडेसहा फुटी बोर्ड मात्र मागची सीट पाडली की गाडीच्या आत मावतो. मग लिटरचा आकडा मदतीला येतो. “लांबी कमी असली म्हणून काय झालं? पन्नास लिटर हाय, तरतंय की!” हे वाक्य खानापूर रोडवरच्या चहाच्या टपरीपासून मोरजीच्या वाळूपर्यंत ऐकू येतं. तरतंय हे खरंच आहे. पण लाट मिळत नाही, आणि वर्षभराने बोर्ड माळ्यावर जातो. गाडीत मावावा म्हणून आखूड घेण्यापेक्षा बोर्ड भाड्याने घेणं किंवा स्वतःचा लांब बोर्ड किनाऱ्यावरच्या शाळेत ठेवण्याची सोय पाहणं शहाणपणाचं.

विकत घ्यायचाच असेल तर तो कशाचा बनला आहे तेही २००५ च्या त्या सोमवारशी जोडलेलं आहे. जुना पॉलियुरेथेनचा बोर्ड पॉलिएस्टर रेझिनने दुरुस्त होतो. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे भाग करणाऱ्या फायबरच्या कारखान्यांत मिळतं ते बहुधा हेच रेझिन. ईपीएसच्या बोर्डाला ते चालत नाही. त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं आणि बोटभर भोकाच्या जागी मुठीएवढा खड्डा पडतो. तिथे इपॉक्सीच लागतं. मे महिन्यात हंगाम संपताना वापरलेले बोर्ड विकायला निघतात तेव्हा हा प्रश्न आधी विचारावा. मऊ बोर्ड असेल तर तळाचं प्लास्टिक दाबून बघावं, कारण उन्हात बंद गाडीत किंवा टपावर राहिलेल्या बोर्डाचे थर आतून सुटलेले असतात आणि बोटाखाली फुगवटा लागतो. फिनच्या खोबणीभोवती तडे आहेत का आणि बोर्ड उचलल्यावर आत पाणी हलल्यासारखं जड वाटतो का, हेही तिथेच वाळूवर उभं राहून पाहून घ्यावं. बोर्ड पायाला बांधायची दोरी मात्र जुनी घेऊ नये. ती नवी आणि बोर्डाच्या लांबीइतकी घ्यावी.