ठेकेदाराने काम बिघडवले तर भरपाई कोणाला? घरमालकाच्या पात्रतेमागचा इतिहास

नागपुरात घराचा नकाशा महानगरपालिकेकडून, सुधार प्रन्यासकडून किंवा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून मंजूर करून घेताना शुल्कांच्या यादीत कामगार कल्याण उपकर असतो, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. १९९६ च्या केंद्रीय कायद्यांतून तो आला. २०२५ पर्यंत स्वतःच्या राहत्या घराचा खर्च १० लाखांच्या आत असेल तर तो लागत नसे. पुढे स्लॅब गळू लागला की ही पावती हातात घेऊन विचारणा होते : निधीत पैसे भरले आहेत, मग भरपाई मिळेल ना? मिळत नाही. तो पैसा बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी आहे आणि त्यांच्याकडेच जायला हवा.

'निधी' नावाच्या आणखी दोन गोष्टींमुळे असाच गोंधळ होतो. ग्राहक कल्याण निधीतून ग्राहक जागृतीच्या आणि हितरक्षणाच्या उपक्रमांना अनुदान मिळते, एखाद्याच्या गळक्या छताचा खर्च त्यातून निघत नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम ७५ मध्येही निधी आहे, पण तो त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाचे पगार आणि कामकाज चालवण्यासाठी. बिल्डरला झालेला दंडसुद्धा कलम ७६ नुसार शासन ठरवील त्या खात्यात जमा होतो, घरमालकाच्या हाती येत नाही. थोडक्यात, ठेकेदाराच्या वाईट कामाची भरपाई थेट देणारा सार्वजनिक निधी आपल्याकडे नाही.

मग अशा भरपाई निधीची कल्पना आली कुठून? ब्रिटनमध्ये १९३६ साली घरबांधणी करणाऱ्यांची नोंदणी करणारी परिषद स्थापन झाली आणि १९६५ पासून तिने नव्या घरांना १० वर्षांची हमी द्यायला सुरुवात केली. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने १९७६ मध्ये नव्या घरांच्या हमीचा कायदाच केला. अमेरिकेत राज्याराज्यांनी वेगळी वाट धरली. परवाना हवा असेल तर प्रत्येक ठेकेदाराने सामायिक निधीत वर्गणी भरायची आणि एखाद्याने काम बिघडवले तर त्या निधीतून घरमालकाला पैसे द्यायचे. मेरीलँड राज्याचा असा निधी १९८५ चा आहे.

मेरीलँडच्या अटी नीट वाचण्यासारख्या आहेत, कारण पात्रता म्हणजे काय हे त्यांतून स्वच्छ कळते. करार झाला त्या दिवशी ठेकेदाराकडे परवाना असलाच पाहिजे. बिनपरवाना माणसाला स्वस्तात काम दिले असेल तर दावा तिथेच संपतो. घरमालक त्या घरात राहत असावा किंवा त्याच्या नावावर तीनपेक्षा जास्त घरे नसावीत. तो ठेकेदाराचा नातेवाईक किंवा नोकर नसावा. नुकसान लक्षात आल्यापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. ठेकेदार प्रामाणिकपणे दुरुस्ती करून द्यायला तयार असताना कारण नसताना नाकारले, तर हक्क जातो. मिळतो तो फक्त प्रत्यक्ष तोटा, म्हणजे दुरुस्तीचा किंवा अर्धवट काम पुरे करण्याचा खर्च. मनस्ताप, वकिलाची फी, व्याज यांतले काही नाही. मर्यादा पूर्वी २०,००० डॉलर होती, २०२२ पासून ३०,००० झाली, आणि ठेकेदाराला दिलेल्या रकमेपेक्षा जास्त कधीच मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये हे काम खासगी विम्यावर सोपवले होते. मार्च २००१ मध्ये एचआयएच ही मोठी विमा कंपनी बुडाली आणि हजारो घरांची हमी एका झटक्यात उघडी पडली. सरकारला मदतीला यावे लागले आणि २०१० पासून हा विमा राज्य सरकारनेच आपल्याकडे घेतला. तरीही तो शेवटचा आसरा आहे. ठेकेदार मेला, गायब झाला किंवा दिवाळखोर झाला तरच मुख्यतः त्याचे दार उघडते.

या सगळ्याच्या मुळाशी परवानाधारक ठेकेदारांची नोंदवही आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही. वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. वीज काम करणाऱ्या ठेकेदाराला राज्याचा परवाना लागतो. पण नागपूरच्या मानेवाड्यात किंवा बेशात अख्खे दुमजली घर उभे करणाऱ्या ठेकेदाराला काहीही लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची त्याची नोंदणी सरकारी निविदांपुरती असते. वर्गणी कोणाकडून घ्यायची हेच ठरत नसेल तर निधी उभा राहणार कसा? आमच्या मते निधीच्या आधी या नोंदणीची मागणी व्हायला हवी.

निधी नसला तरी हक्क आहेत, आणि ते तुकड्यातुकड्यांनी आले. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ करारभंगाच्या नुकसानीचे आहे, त्यासाठी दिवाणी दावा ३ वर्षांत लावावा लागतो. १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याने, ज्याला सगळे मोफा म्हणतात, ताबा दिल्यापासून ३ वर्षांत दिसलेले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करण्याचे बंधन घातले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या 'सेवा' या व्याख्येत घरबांधणी १९९३ च्या दुरुस्तीने आली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही सेवाच आहे आणि सरकारी संस्थाही त्यातून सुटत नाही, असे ठरवले. आपला प्लॉट बिल्डरला बांधायला देऊन बदल्यात फ्लॅट घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरतो, हे २००८ मध्ये फकीरचंद गुलाटी खटल्यात स्पष्ट झाले. जुनी घरे पाडून अपार्टमेंट उभी करणाऱ्या नागपूरकरांना या निकालाचा मोठा उपयोग आहे.

रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याचे कलम १४(३) सांगते की ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. मात्र जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फुटांपर्यंत असेल किंवा फ्लॅट ८ पेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. प्रन्यासच्या ले-आउटमधल्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या कितीतरी छोट्या फ्लॅट स्कीम यातच बसतात. तिथे मोफा आणि ग्राहक आयोग यांच्यावरच भिस्त ठेवावी. आणि स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा रेराच्या कक्षेत येतच नाही. ठेकेदार त्याला काही विकत नसतो.

अशा घरमालकासाठी राहतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. ठेकेदाराला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे. राज्य आयोगाचे खंडपीठ नागपुरातच बसते, मुंबई गाठावी लागत नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात लावता येते, ठेकेदार छिंदवाड्याचा का असेना. मुदत २ वर्षांची. इथेच बहुतेक प्रकरणे घसरतात. "पावसाळा संपला की करून देतो" या तोंडी शब्दावर दोन पावसाळे जातात आणि उशीर माफ करून घेण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागते.

दुसरी घसरण रोखीची. तक्रार कोणत्या आयोगाकडे जाते आणि सेवा पैसे देऊन घेतली होती का, हे दोन्ही दिलेल्या रकमेवर ठरते. पावती नसलेले ६ लाख आयोगापुढे जवळपास नसल्यासारखेच. तिसरी, लेबर रेटची, म्हणजे फक्त मजुरीवर काम देण्याची. सिमेंट, लोखंड, रेती मालकाने आणली असेल तर ठेकेदार सगळा दोष मालावर ढकलतो. मटेरियलसह काम दिले असेल तर ही पळवाट राहत नाही.

दोष कारागिरीचा की जमिनीचा, हा नागपुरातला खरा वाद. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मातीच्या थरातच थांबवला, खाली मुरूम लागेपर्यंत खोदलेच नाही, तर खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात आणि ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात. भिंतीलगत खड्डा खोदून पायाची खोली मोजली आणि नकाशाशी ताडून पाहिली की हा वाद बराचसा मिटतो. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या बारीक भेगा वेगळ्या. त्या बहुधा तराई, म्हणजे बांधकामावर पाणी मारणे, कमी पडल्याच्या. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात काँक्रीटला किमान १० दिवस पाणी हवे, हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातच लिहिले आहे. फ्लाय ॲश मिसळलेले पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस.

स्लॅबच्या ताकदीचा पुरावा ओतकामाच्या दिवशीच तयार होतो. १,००० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण ११.८ घनमीटर काँक्रीट. त्यासाठी मानकाप्रमाणे २ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब (त्याच काँक्रीटचे ठोकळे), एकूण ६ क्यूब भरून ठेवावे लागतात आणि २८ दिवसांनी तपासावे लागतात. क्यूब नसतील तर नंतर कोअर, म्हणजे तयार स्लॅबमधले गोल तुकडे, कापावे लागतात, कमीत कमी ३. त्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्क्यांखाली आली किंवा एखादा ७५ टक्क्यांखाली गेला, तर काँक्रीट नापास. ही तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. ठेकेदाराला तारखेची लेखी सूचना आधी द्यावी आणि अहवाल हाती येईपर्यंत काही फोडू नये, बुजवू नये. आधी दुरुस्ती करून मग तक्रार करणाऱ्याचा पुरावा मलब्याबरोबर डम्परमध्ये जातो.

निकाल लागला तरी पैसा यायला वेळ लागतो. रेराचा भरपाईचा आदेश जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होतो आणि अपिलात जाणाऱ्या बिल्डरला भरपाईची पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. ग्राहक आयोगाच्या निकालाविरुद्ध अपिलासाठी निम्मी रक्कम जमा करावी लागते आणि आदेश न पाळणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ज्याच्या नावावर ना घर ना गाडी, त्याच्याकडून वसूल काय करणार? परदेशातले निधी नेमके याच ठिकाणी उपयोगी पडतात.

म्हणून सरकारी कामांतली जुनी पद्धत घराच्या करारात आणावी : दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ज्या मुदतीत निघालेला दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायचा, आणि रोखून ठेवलेली अनामत. ३० लाखांच्या कामात प्रत्येक हप्त्यातून ५ टक्के कापले तर १.५ लाख मालकाच्या हाती राहतात. ही कपात, दोष कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती आणि न केल्यास दुसऱ्याकडून करून घेण्याचा खर्च त्यातून वळता होईल, हे तिन्ही करारात लिहावे. परतफेडीची तारीख घराने एक पूर्ण पावसाळा पाहिल्यानंतरची, ऑक्टोबरअखेरची ठेवावी. मे महिन्यात गच्ची कोरडीच असते.