शहामृगातला मृग

‘शहामृग हरणासारखा वेगाने धावतो, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याच्या नावात मृग घातला,’ असा संदेश मध्यंतरी आला. धावतो खरा, ताशी ७० किलोमीटरपर्यंत. पण पिसं असलेल्या, अंडी घालणाऱ्या प्राण्याला हरीण का म्हणावं?

मुळात मृग म्हणजे फक्त हरीण नव्हेच. ऋग्वेदात विष्णूला ‘मृगो न भीमः’ म्हटलंय. इथे हरीण धरलं तर विष्णू हरणासारखा भयंकर ठरेल! मृग म्हणजे रानातलं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. मल्याळममध्ये प्राणिसंग्रहालयाला आजही ‘मृगशाला’ म्हणतात. मराठीत मात्र अर्थ आक्रसला. इंग्रजीत ‘डिअर’चंही तेच झालं. जुन्या इंग्रजीत तो कुठलाही प्राणी होता, आणि त्याचा जर्मन भाऊ ‘टीअर’ अजूनही आहे. ज्याची शिकार जास्त, तो सगळ्यांचं नाव बळकावतो.

इराणात याच शब्दाच्या भावंडाने पंख लावले. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, त्याचा अर्थ पक्षी. पुढे फारसीत तो ‘मुर्ग’ झाला, आणि तिथेही आक्रसत आक्रसत कोंबडीवर आला. बदकाला मात्र ‘मुर्गाबी’, म्हणजे पाण्यातला पक्षी, हे नाव राहिलं. दंतकथेतला ‘सीमुर्ग’ म्हणजे आपल्या भाषेत श्येन-मृग, ससाणा-पक्षी.

पण मृगचा मुर्ग होतो कसा? इथे मला थांबवत नाही. ऋ हा चमत्कारिक स्वर आहे: र स्वतःच स्वराचं काम करतो. जिभेला ते फार काळ झेपत नाही, मग ती शेजारी एखादा साधा स्वर उभा करते. कोणता, ते बऱ्याचदा आधीचं व्यंजन ठरवतं. म, प, व म्हणताना ओठ कामाला लागतात, म्हणून फारसीत तिथे उ आला: मृतचा मुर्दा, पृष्ठचा पुश्त, वृकचा गुर्ग (यात व चा ग झाला, तो वेगळा नियम). ओठ नसतील तिथे इ: कृमीचा किर्म. आपला किरमिजी रंग त्याच किड्याचा. प्राकृतातही वृद्धचा वुड्ढ झाला आणि पृच्छतिचा पुच्छइ, त्यावरून आपलं पुसणं, म्हणजे विचारणं. पण मराठीचा ओढा अ कडे. मृत्तिकेची माती, पृष्ठाची पाठ, तृणाचं तण. हिंदीत मिट्टी, पीठ, तिनका.

असे नियम ओळीने लागू पडतात, तेव्हाच नातं मानायचं. नुसत्या आवाजावर जायचं तर फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ सख्खे भाऊ वाटतील. दोघांचा काडीचा संबंध नाही. आणि जगातले सगळे शब्द संस्कृतातून निघाले म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की मुर्ग हा मृगाचा मुलगा नाही, भाऊ आहे. दोघांचे आईवडील संस्कृतच्या आधीचे.

आता शहामृग. हा मृग फारसी मुर्गच, आणि ‘शहा’ बादशहातला असावा. आपण ऋ चा उच्चार रु करतो, कृपाला क्रुपा म्हणतो. मुर्ग आणि म्रुग यांत फरक फक्त र आणि उ यांच्या जागांचा. तेव्हा परका मुर्ग ओळखीच्या मृगात सहज मिसळला. गुजरातीतही ऋ चा रु होतो, आणि तिथेही हा पक्षी शाहमृगच आहे. हिंदीवाले क्रिपा म्हणतात. त्यांना मुर्गात म्रिग ऐकू आला नाही, म्हणून त्यांचा शुतुरमुर्ग तसाच राहिला. शब्दांची अशी चुकीची जुळणी नेहमीच होते, पण इथे चुकून खरेच भाऊ भेटले, कित्येक शतकांनी.

आणि शुतुरमुर्गातला ‘शुतुर’ म्हणजे उंट, आपल्या उष्ट्राचा भाऊ. पूर्ण शब्द उलगडला तर उष्ट्रमृग. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं ते ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’. उंट तिथेही आहेच.