पोलीस दलाचा विधी प्रमुख

पोलीस दलाच्या सेवेत राहून दलाच्या प्रमुखांना कायदेशीर सल्ला देणारे आणि दलाचा विधी विभाग चालवणारे वरिष्ठ पद. या पदावरची व्यक्ती खटला चालवणारी सरकारी वकील नसते आणि कायद्याची पदवी असलेली पोलीस अधिकारीही नसते. सरकारी वकील न्यायालयात राज्याची बाजू मांडतो, तर विधी प्रमुखांचे अशील खुद्द पोलीस दल असते. अटक, झडती किंवा बंदोबस्ताचे आदेश देण्याचा अधिकार त्यांना नसतो. आदेश निघण्यापूर्वी तो कायद्यात बसतो की नाही हे सांगणे आणि निघाल्यानंतर न्यायालयात त्याचा बचाव उभा करणे, ही त्यांची मुख्य कामे.

पदनाम देशागणिक बदलते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात विधी सेवांचे स्वतंत्र संचालनालय आहे. न्यू यॉर्क शहराच्या पोलीस दलात विधी विषयांसाठी उपायुक्त असतो आणि तो गणवेशातला नसून नागरी अधिकारी असतो. इंग्लंडमधली काही लहान दले एकत्र येऊन सामायिक विधी विभाग चालवतात. भारतात विधी सल्लागार आणि विधी अधिकारी ही पदनामे रूढ आहेत. मात्र त्यांचा दर्जा आणि अधिकार राज्याराज्यांत वेगळे आहेत.

उगम

इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत खटला भरायचा की नाही हे पोलीसच ठरवत आणि अनेक दलांकडे त्यासाठी स्वतःचे वकील असत. ज्याने तपास केला त्यानेच खटल्याचा निर्णय घ्यावा, हे १९८१च्या फौजदारी कार्यपद्धतीवरील रॉयल आयोगाला पटले नाही. त्यानंतर १९८५चा कायदा झाला आणि १९८६मध्ये स्वतंत्र अभियोग सेवा सुरू झाली. खटले गेले, पण दलाविरुद्धचे नुकसानभरपाईचे दावे, शिस्तभंगाची प्रकरणे, परवाने, मृत्यूच्या चौकशा आणि माहितीच्या मागण्या मागे उरल्या. या उरलेल्या कामातूनच आजचा विधी विभाग आकाराला आला.

अमेरिकेत हे पद वाढले ते न्यायालयांच्या रेट्यामुळे. मॅप खटल्याने १९६१मध्ये बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतूनही बाद ठरवला. मिरांडा खटल्याने १९६६मध्ये कोठडीतल्या चौकशीआधी संशयिताला त्याचे हक्क सांगणे बंधनकारक केले. गस्तीवरच्या शिपायाच्या कृतीवर खटल्याचे भवितव्य ठरू लागले, तेव्हा रात्री-अपरात्री फोन उचलणारा वकील दलातच असण्याची गरज भासली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गुन्हेविषयक आयोगाने १९६७मध्ये मोठ्या दलांना विधी सल्लागार ठेवण्याची शिफारस केली.

भारतात वाट उलटी होती. सहायक अभियोक्ते, म्हणजे खटले चालवणारे सरकारी वकील, पोलिसांच्या अमलाखाली असू नयेत, असे विधी आयोगाने १९५८च्या चौदाव्या अहवालातच सुचवले होते. तरी पोलीस खात्यातले अभियोक्ते पुढेही अनेक वर्षे खटले चालवत राहिले. अखेर १९९५मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहायक सरकारी अभियोक्त्यांचा संवर्ग पोलीस खात्यापासून वेगळा करण्याचा निर्देश दिला. अभियोग संचालनालयाची तरतूद २००५च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०मध्ये आहे. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण पोलिसांच्या हाताशी असलेला कायद्याचा जाणकार दुसऱ्या कार्यालयात गेला आणि त्याच्या जागी दलाचा स्वतःचा सल्लागार उभा करण्याकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

केंद्रीय अन्वेषण विभागाची रचना याला अपवाद आहे. हा विभाग ज्या कायद्याखाली चालतो, त्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यात लोकपाल कायद्याबरोबर आलेल्या कलम ४बीएनुसार तिथे अभियोग संचालनालय आहे आणि त्याचा संचालक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून दोन वर्षांसाठी नेमला जातो. मात्र हे संचालनालय चालते विभागाच्या संचालकांच्याच देखरेखीखाली. म्हणजे नेमणूक बाहेरून आणि नियंत्रण आतून, अशी ही तडजोड आहे.

टेबलावरची फाइल

विधी विभागाचा बराच वेळ नाट्यमय प्रकरणांत जात नाही. तो रिट याचिकांची परिच्छेदनिहाय उत्तरे, प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, अवमान नोटिसांच्या तारखा, माहिती अधिकाराची अपिले आणि विभागीय चौकशीचे अहवाल तपासण्यात जातो. काम रुक्ष आहे, पण दलाची अब्रू जाते ती बहुधा इथेच.

भारतातल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे पुढचा गुन्हा टाळण्यासाठी एखाद्याला खटल्याविना कोठडीत ठेवण्याचा, प्रस्ताव हे याचे चांगले उदाहरण. गुन्हे शाखेकडून शंभर-दोनशे पानांची फाइल येते. इसम खरोखर धोकादायक आहे का, हा प्रश्न विधी अधिकाऱ्यासमोर नंतर येतो. आधी तो पाने उलटतो. शेवटच्या जामीन आदेशाची प्रत जोडली आहे का? छायाप्रती वाचता येतात का? इसम आधीच कोठडीत असेल, तर तो सुटण्याची खरी शक्यता आदेशात नोंदवली आहे का? आधाराला घेतलेली घटना इतकी जुनी तर नाही ना, की आजच्या आदेशाशी तिचा संबंधच तुटावा? कागद इसमाला समजणाऱ्या भाषेत दिले आहेत का? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(५)नुसार स्थानबद्धाला कारणे कळवून निवेदनाची लवकरात लवकर संधी द्यावी लागते. कारणे तोंडी समजावून सांगितली म्हणजे भागले असे नाही, त्याला कळणाऱ्या भाषेतले भाषांतर द्यायला हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने हदिबंधु दास खटल्यात स्पष्ट केले आहे. एक पुसट पान किंवा भाषांतर न केलेला एक जबाब एवढ्यावर आदेश रद्द होतो आणि दुसऱ्या दिवशी ‘तांत्रिक कारणावरून सुटका’ अशी बातमी येते. घटनात्मक हक्काला तांत्रिक म्हणण्याची ही सवय दलातही आहे. ती मोडणे हे विधी प्रमुखांच्या कामाचे एक अंग मानावे लागेल.

दुसरे मोठे काम म्हणजे न्यायनिर्णय ठाण्यापर्यंत पोहोचवणे. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. २०१९मध्ये निकालाच्या प्रती राज्यांना पाठवण्याचे निर्देश द्यावे लागले, २०२१मध्ये न्यायालयाने धक्का बसल्याचे म्हटले आणि ऑक्टोबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट आदेश काढावा लागला. मेलेले कलम सात वर्षे जिवंत राहिले, कारण निकाल लागणे आणि ठाणे अंमलदाराच्या हातातला छापील नमुना किंवा संगणकातली कलमांची यादी बदलणे यांत कोणताच दुवा नव्हता. चांगला विधी विभाग निकाल लागल्यावर फक्त परिपत्रक काढून थांबत नाही. नमुने बदलतो, प्रशिक्षणात धडा घालतो आणि महिन्याभराने अटकेच्या कागदांची नमुना तपासणी करतो. अर्नेश कुमार निकालाने २०१४मध्ये अनावश्यक अटकेबद्दल अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई आणि अवमानाची टांगती तलवार ठेवली, तेव्हापासून ही तपासणी अधिकाऱ्यांच्याही हिताची झाली आहे.

नव्या तंत्रज्ञानाने या कामात भर घातली. ब्रिटनमधल्या साउथ वेल्स पोलिसांनी रस्त्यावर चेहरा ओळखणारी कॅमेरा यंत्रणा वापरली, तेव्हा ऑगस्ट २०२०मध्ये अपील न्यायालयाने तो वापर बेकायदा ठरवला. यंत्रणा मुळात निषिद्ध आहे असे न्यायालय म्हणाले नाही. कुणाला यादीत घालायचे आणि यंत्रणा कुठे लावायची याची मोकळीक पोलिसांच्या हाती फार राहिली होती, माहिती-संरक्षणाचे मूल्यमापन अपुरे होते आणि यंत्रणा वंश वा लिंगानुसार भेदभाव करते का हे दलाने पुरेसे तपासले नव्हते. हे दोष खरेदीच्या टप्प्यावरच पकडता येण्याजोगे होते.

अशील कोण?

विधी प्रमुखांचे अशील दल आहे, दलातला प्रत्येक अधिकारी नव्हे. हा भेद कागदावर सोपा आहे. गोळीबारानंतर तासाभरात एखादा निरीक्षक येऊन ‘साहेब, नक्की काय झालं ते सांगतो’ म्हणतो तेव्हा नाही. दलाचे आणि त्याचे हित पुढे वेगळे होऊ शकते, म्हणून त्याला स्वतःचा वकील गाठायला सांगणे हेच शहाणपणाचे. अमेरिकेत गॅरिटी खटल्याने १९६७मध्ये ठरवले की नोकरी जाण्याच्या धाकाने घेतलेला अधिकाऱ्याचा जबाब त्याच्याविरुद्धच्या फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. त्यामुळे खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी तपास यांची फाइल एकमेकींत मिसळू न देणे हेही तिथल्या विधी विभागाला पाहावे लागते.

सल्ल्याची गोपनीयता हा सर्वांत नाजूक भाग. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९चा कॅम्पबेल निकाल यासाठी मुळातून वाचण्यासारखा आहे. तिथल्या केंद्रीय पोलिसांनी स्वतः विक्रेते बनून चरसच्या मोठ्या खरेदीदारांना सापळ्यात पकडले. ती विक्री कायद्याने गुन्हाच होती. आम्ही न्याय खात्याच्या वकिलाचा सल्ला घेऊन सद्भावनेने वागलो, असा पोलिसांचा बचाव होता. सरकारी नोकरीतल्या वकिलाचा सल्लाही गोपनीयतेस पात्र असतो, हे न्यायालयाने मान्य केले. पण सल्ल्याची ढाल पुढे केल्यावर तो सल्ला उघड करावा लागेल, असेही बजावले. गुन्ह्याच्या तपासात पोलीस सरकारच्या हुकुमाचे ताबेदार नसतात, हेही याच निकालात आहे. पोलिसांना अशा कारवायांत मर्यादित संरक्षण देणारी तरतूद नंतर तिथल्या संसदेने केली.

भारतात पगारी विधी अधिकाऱ्याला एवढे संरक्षण नाही. पूर्णवेळ पगारी नोकराने वकिली करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि वकील-अशील गोपनीयता न्यायालयात वकिली करणाऱ्यांनाच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये संस्थांच्या अंतर्गत सल्लागारांबाबत हीच भूमिका घेतली. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३४चे मर्यादित संरक्षण तेवढे त्यांना मान्य केले. त्यामुळे फाइलवर लिहिलेला ‘ही अटक टिकणार नाही’ हा शेरा उद्या न्यायालयापुढे येऊ शकतो. परिणाम असा, की अवघड सल्ला तोंडी दिला जातो आणि शेरा गुळमुळीत लिहिला जातो.

पदाचे वजन

या पदाला किती मान मिळतो हे बरेचसे एका व्यावहारिक गोष्टीवर ठरते: चूक झाली तर पैसे कोण भरतो? इंग्लंडमध्ये शिपायाच्या बेकायदा कृत्याला त्याचा चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे दलाचा प्रमुख, मालकासारखा जबाबदार असतो आणि १९९६च्या पोलीस कायद्याच्या कलम ८८नुसार भरपाई पोलीस निधीतून जाते. तिथे दाव्यांचा आकडा दलाच्या अंदाजपत्रकात दिसतो, म्हणून विधी विभागाचा प्रमुख निर्णयाच्या बैठकीत बसतो. अमेरिकेत १९७८च्या मोनेल निकालानंतर चुकीच्या धोरणाबद्दल शहरावर दावा लावता येतो, पण अनेक ठिकाणी तो दावा लढतो शहराचा विधी विभाग आणि पैसेही शहराचे जातात. न्यू यॉर्कमध्ये अशीच विभागणी आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९३च्या नीलबती बेहेरा निकालात कोठडीतल्या मृत्यूबद्दल १,५०,००० रुपयांची भरपाई दिली, ती राज्याने द्यायची होती. दलाच्या तिजोरीला अशा निकालांची झळ क्वचितच लागते. ठराविक मुदतीच्या कंत्राटावर नेमलेला विधी अधिकारी, ज्याची मुदतवाढ सल्ला घेणाऱ्याच कार्यालयाच्या हाती असते, तो ‘हे करू नका’ असे किती ठामपणे लिहील, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अटकेआधी मत मागवणे बंधनकारक करावे, सल्ला नाकारल्यास त्याची कारणे फाइलवर नोंदवावीत आणि नेमणूक निश्चित कार्यकाळाची असावी, हे उपाय खर्चाचे नाहीत. ते नियमपुस्तिकेत दोन ओळींनी आणता येतात.