पॉवर विंडो बंद पडली म्हणजे मोटरच जळाली, असे नाही

गाडीची पॉवर विंडो थांबली की ‘मोटर जळाली’ असे सांगून ती बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात मोटर पुष्कळदा शाबूत असते. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तेव्हा दोष बहुधा रेग्युलेटरच्या (काच वर-खाली सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) तुटलेल्या केबलचा असतो. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. मग मोटरच्या कनेक्टरमधील दोन तारांना टेस्ट लॅम्प जोडून, बटण वर आणि खाली दाबताना, 12 व्होल्ट पोहोचतात का ते तपासावे. पोहोचत नसतील, तर स्विचइतकाच संशय बिजागरीजवळच्या रबरी नळीतील, दरवाजाच्या उघडझापीने तुटणाऱ्या तारांवर घ्यावा (ही जागा तपासायची हमखास राहून जाते). वीज पोहोचते, काचही कुठे अडकलेली नाही आणि तरीही मोटर गप्प आहे, तरच ती बदलावी.